अक्काचं मागणं

अक्का गेल्यावर पंधरवड्यानं राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. पडद्यावर त्यांचा फोटो, फोटोखाली इंग्रजीत दोन ओळी, दाराशी फुलांची परडी. बोलणाऱ्या प्रत्येकानं 'तळागाळ' हा शब्द वापरला. 'वंचित' वापरला, 'सक्षमीकरण' वापरला. अक्का समोर बसलेल्या असत्या तर पहिल्याच भाषणात चपला शोधायला लागल्या असत्या. सगळ्यांत जास्त वेळ बोलले ते शाहूवाडीच्या डोंगरात काम केलेले डॉक्टर. 'अक्का मला आईच्या ठिकाणी होत्या,' म्हणाले, आणि खाली बसून पाणी प्यायले. मी मागच्या रांगेत होते. मला कुणी बोलायला बोलावलं नाही. बोलले असते ते इथं लिहिते.

लोक अक्कांना सल्लागार म्हणायचे. आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांना देणगीदार मिळवून द्यायचे, त्यांची कुणाकुणाशी सांगड घालून द्यायची, हे त्यांचं काम. कार्डावर ते इंग्रजीत ऐटीत छापलेलं होतं. पण कुणी विचारलं, "अक्का, तुमी नेमकं करतासा काय?" तर उत्तर ठरलेलं. "दुसऱ्यासाठी मागतो. सवतासाठी मागाय लाज वाटती, दुसऱ्यासाठी वाटत न्हाई. त्यावर चाललंय."

आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्याच्या एका बैठकीत एका साहेबानं हसत हसत त्यांना दुरुस्त केलं, "मॅडम, मागते म्हणा, मागते." अक्का म्हणाल्या, "तुमी द्या तर खरं. मग म्हणशीला तसं म्हणतो."

त्या मूळच्या सीमेकडच्या. व्यापारी लिंगायत घर, बोलणं निम्मं कानडी. राग आला की पूर्ण कानडीत शिरायच्या, त्यामुळं त्यांनी मला नेमक्या काय काय शिव्या दिल्या ते मला आजही माहीत नाही. तरुणपणी औषध कंपनीच्या प्रतिनिधी होत्या. बॅग स्कूटरला अडकवून दवाखाने हिंडायच्या, तेव्हा ते काम बायका करत नसत. "डॉक्टरच्या दारात ताटकळून ताटकळून मागायचं शिकलो," म्हणायच्या. लग्नाचं कधी निघालं नाही, मीही काढलं नाही. मी उचगावची, समाजकार्याची पदवी घेऊन नोकरी शोधत होते. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुला कुणी 'न्हाई' म्हटलं तर झोप लागती का?" मी म्हटलं, "लागते." म्हणाल्या, "मग उद्यापास्नं ये."

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका बाजूला शिकवणीचे क्लास, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. दिवसभर भिंतीपलीकडून दात कोरायच्या मशीनचा आवाज. अक्कांना त्या दंतवैद्याचा हेवा वाटायचा. "बरं हाय त्याचं. समोरचा तोंड उघडून बसतो, पर बोलत न्हाई."

आमच्याकडं येणारे मात्र बोलायचे. एखाद्या ट्रस्टचे चार-पाच विश्वस्त लॅपटॉप घेऊन यायचे. अक्का लॅपटॉप मिटायला लावायच्या. "हे बगा पावणं, सेवा म्हणायचं न्हाई, गोरगरीब म्हणायचं न्हाई. तुमच्यावाचून कुणाचं काय आडतंय तेवढं सांगा." निम्मे लोक तिथंच अडखळायचे. काही चिडून जायचे. जे राहायचे त्यांच्यासाठी अक्का उन्हातान्हात वणवण करायच्या.

मी लिहिलेला प्रत्येक प्रस्ताव मला उभं राहून मोठ्यानं वाचायला लागायचा. मधे श्वास घ्यावा लागला की त्या हात वर करायच्या. "दम लागला न्हवं? वाक्य खोटं हाय. मोड." सुरुवातीचे महिने मी घरी जाऊन रडत होते. नंतर वाक्यं लहान झाली आणि रडणं थांबलं. पण त्याबद्दल आभार मानावेत असं मला तेव्हा वाटलं नाही. अक्का चांगल्या शिक्षक नव्हत्या. त्या नुसत्या बरोबर असायच्या, आणि बरोबर असणाऱ्या माणसाजवळ रोज बसणं सोपं नसतं.

त्यांचा आणखी एक नेम. ज्याच्याकडं मागायला जायचं त्याच्या दारात चहा घ्यायचा नाही. "च्या पोटात गेला की न्हाई म्हणायला तोंड उचलत न्हाई." मला ते उलटंच वाटायचं. मागणारा आपण, 'नाही' समोरचा म्हणणार. ते कसं ते मला एका फौंड्रीच्या मालकाकडं कळलं.

खेड्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी आम्ही गेलो होतो. मालक मोकळ्या मनाचे. आल्या आल्या म्हणाले, "डायलिसिसची दोन मशीन देतो की. वडलांचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात पायजे."

"मशीन नको," अक्का म्हणाल्या.

मालक बघतच राहिले. मीही.

"मशीन हायत त्यांच्याकडं. चालवाय माणूस न्हाई म्हणून कापडात गुंडाळून ठेवल्यात. माणसाचा पगार द्या."

"आन पगारावर वडलांचं नाव कुठं लिवू, अक्का?"

"त्याच्या शर्टावर लिवा. मशीन कोपऱ्यात बसंल. शर्ट गावभर हिंडंल."

मालक पोट धरून हसले आणि कबूल झाले. तो टेक्निशियन अजून तिथंच आहे, खिशावर त्या वडिलांचं नाव असलेला शर्ट घालून. शोकसभेत ही गोष्ट एकानं 'ब्रँडिंगचा अभिनव प्रयोग' म्हणून सांगितली.

सगळं असं गोड झालं नाही. एक वयस्कर बाई होत्या, कॅन्सरच्या पेशंटांच्या नातेवाइकांना राहायला चार खोल्या चालवायच्या. त्यांनी कुणाकडून तरी एक चित्रफीत करून आणली होती. टक्कल पडलेली लहान मुलं, मागं सनईसारखं काहीतरी रडकं संगीत. अक्कांनी ती अर्ध्यात बंद केली. "रडवून घेतलेला पैसा डोळं पुसलं की आटतो. आन लेकरांची तोंडं दाखवून मागायचं असंल तर माझ्याकडं यायचं न्हाई." बाई उठून गेल्या. परत आल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्या खोल्या बंद झाल्याचं कानावर आलं. मी अक्कांना सांगितलं. भिंतीपलीकडचं मशीन थांबलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सावकाश सांगाय पायजे हुतं." तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच.

डॉक्टरांचं काम मात्र अक्कांनी जीव लावून केलं. शाहूवाडीच्या डोंगरात, जिथं डांबर संपतं त्याच्याही वर, एका वाडीत डॉक्टरांनी दोन खोल्यांत केंद्र चालवलं होतं. भातशेतीचा मुलूख. पावसाळ्यात बांधाबांधाला घोणस. चावली की माणूस खाली रुग्णालयात पोचेपर्यंत वेळ हातातून जायचा. डॉक्टर सरकारी नोकरी सोडून वर जाऊन राहिले होते. पहिलं सापाचं इंजेक्शन तिथंच द्यायचं आणि मग पेशंट खाली न्यायचा. पण न्यायचा कशानं? गाडी नव्हती.

दुसरा कुणी सल्लागार असता तर रुग्णवाहिकेसाठी देणगीदार शोधत बसला असता. अक्का वर गेल्या, दोन दिवस राहिल्या आणि बघितलं की त्या वाडीत रोज न चुकता येणारी गाडी एकच आहे: दुधाची. ड्रायव्हर तिथलाच, दुधाच्या खेपा सोडल्या तर टेम्पो मुक्कामाला तिथंच. त्या तडक दूध संस्थेच्या चेअरमनकडं गेल्या.

"टेम्पो दुधासाठी हाय, अक्का," चेअरमन म्हणाले.

"कॅनच्या शेजारी माणूस बसला तर दूध नासतंय व्हय?"

"तसं न्हवं. पर यळ-अवेळ..."

"दूध कोण घालतंय तुमाला? त्याच बायका. बाई गेली तर म्हस कोण पिळायचं?"

चेअरमन तयार झाले. पुढं पुढं तर त्यांना त्याचा अभिमान वाटायला लागला. टेम्पोतून खाली गेलेली माणसं जगून चालत वर यायची, आणि चेअरमन त्यांना संस्थेच्या सभेत उभं करायचे. अक्का म्हणायच्या, "मोठं पैसं नकोत. लोकांची सवय लागाय पायजे."

राहिला होता एक फ्रीज. इंजेक्शन गार ठेवायला लागतं आणि वर वीज जाऊन-येऊन. सौर पॅनेलवर चालणारा एक फ्रीज मिळावा म्हणून अक्कांनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडं मागणी केली. मागणी एवढीच. प्रस्ताव मी लिहिला होता, कुठंही दम लागत नव्हता.

कंपनीची माणसं फ्रीज कुठं बसवायचा ते बघायला आली. त्यांना डोंगर आवडला. डॉक्टर त्याहून आवडले. तरुण, देखणे, बोलायला गोड. परत गेल्यावर त्यांचा निरोप आला: फ्रीज कशाला, पूर्ण केंद्रच बांधू. नवी इमारत, स्वतःची रुग्णवाहिका, नर्स. फक्त जागा खाली, रत्नागिरीला जाणाऱ्या हमरस्त्याला लागून. पाहुणे आणायला सोयीचं. आणि वरचं केंद्र बंद, कारण एका कामाला दोन ठिकाणं कशाला.

त्यासाठी कोल्हापुरात एका हॉटेलात बैठक झाली. समोर ताटं मांडलेली. साहेब म्हणाले, "मॅडम, आपण जास्तीत जास्त लोकांचा विचार करू या. स्केल बघू या."

"साप स्केल बगून चावत न्हाई," अक्का म्हणाल्या. "आन हमरस्त्यावर साप न्हाईत, साहेब. तितं गाड्या चावत्यात."

कुणी हसलं नाही. मी डॉक्टरांकडं बघत होते. त्यांनी आता बोलायला हवं होतं. ते मान खाली घालून भाताची ढेकळं मोडत होते.

चार दिवसांनी ते ऑफिसात एकटे आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "अक्का, मी सही करणार आहे."

"आन वर?"

"वर आठवड्यातून दोनदा जाईन."

"कुठल्या वारी जाणार ते सापाला कळवून ठेव."

डॉक्टर खुर्चीत बसले. "मी थकलोय, अक्का. बायको पोरीला घेऊन माहेरी जाऊन राहिलीय. पोरीला शाळा पाहिजे. मला एक रात्र सलग झोप पाहिजे. इतकी वर्षं कुणी मला..." 

अक्का म्हणाल्या, "मग डॉक्टर कशाला झालास?"

पलीकडं मशीन सुरू होतं. डॉक्टरांनी नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि गेले.

उद्घाटनाला आम्हाला बोलावणं होतं. तिसरी रांग. अक्का नवी इरकल नेसून आल्या होत्या. भाषणात दूध संस्थेचं नाव आलं नाही, अक्कांचं आलं नाही. चेअरमन मधेच उठून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून टेम्पो वर मुक्कामाला थांबायचा बंद झाला. 'आता कंपनी हाय की,' असा निरोप त्यांनी ड्रायव्हरकडून वाडीला धाडला. डॉक्टर आठवड्यातून दोनदा वर गेले, मग एकदा, मग पावसात रस्ता खचला म्हणाले आणि गेलेच नाहीत.

त्याच पावसाळ्यात, रोपलावण चालू असताना, वरच्या वाडीतल्या एका बाईला घोणस चावली. मी तिला ओळखत होते. तिच्या नवऱ्याकडं जुन्या केंद्राची किल्ली असायची, आणि आम्ही वर गेलो की जेवण तिच्याकडंच. नाचणीची भाकरी हातावर थापायची आणि अक्कांना म्हणायची, "खावा की ओ, बारीक झालायसा." दुपारची वेळ होती. खाली फोन गेला. रुग्णवाहिका निघालीही लगेच, त्यात कुणाची कुचराई नव्हती. पण खालून वर चढायला जेवढा वेळ, तेवढाच परत उतरायला. घाटाच्या निम्म्यात ती गेली.

अक्का आणि मी भेटायला गेलो. नवरा उंबऱ्यात बसला होता. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही.  विचारलं, "त्या कंपनीवाल्यांस्नी पयल्यांदा हितं आणलं कोण, अक्का? तुमीच न्हवं?"

"व्हय. मीच."

मी मधे बोलायला गेले की आम्ही फक्त फ्रीज मागितला होता. अक्कांनी माझं मनगट धरलं, दुखेल एवढं. त्या तिथंच अंगणात ओल्या मातीत बसल्या.  निघताना नवऱ्यानं तोंड फिरवलं.

त्यानंतर अक्कांनी नवीन कामं घेतली नाहीत. चेअरमनकडं खेपा घातल्या. ज्यांच्याशी मापात बोलायच्या त्यांच्यापुढं हात जोडलेले मी बघितले. चेअरमन प्रेमानं बोलायचे, टेम्पो काही द्यायचे नाहीत. मानापमान कुठल्याही घाटापेक्षा अवघड असतो. शेवटी भावाकडं सीमेवर राहायला जायच्या आधी, ऑफिस बंद करायच्या आधी, त्या म्हणाल्या, "एकदा पुण्याला जाऊन येऊ. वरची खोली उघडा म्हणून मागून बगू." मी नको म्हणत होते. त्या निघाल्या म्हणून मी गेले.

काचेची इमारत. आधीचे साहेब बढती मिळून दुसरीकडं गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण मुलगा. अक्कांचं एसटीच्या धुळीनं माखलेलं सुती लुगडं, हातात कापडी पिशवी, उन्हानं काळवंडलेला चेहरा. त्या मुलानं उठून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला कुठली मदत हवीय? पेशंट कोण आहे घरात?"

माझं डोकं फिरलं. त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तर अक्कांनी मला गप्प केलं.

"आमच्या वाडीत सापाचं इंजेक्शन पायजे," त्या म्हणाल्या, आणि वाडीचं नाव सांगितलं.

मुलानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. त्याचा चेहरा खुलला. "तिथं आमचं केंद्र आहे की, आजी! तो प्रकल्प पूर्ण झालाय."

"पूर्ण झालाय व्हय?"

"हो. आता दुसरा तालुका घेतलाय."

अक्का त्याला 'बरं बाळा' म्हणाल्या आणि उठल्या. एवढं आयुष्य मागण्यात गेलेलं, आणि त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

 परतीच्या एसटीत सातारा मागं पडला तरी मी त्या मुलावर, कंपनीवर, डॉक्टरांवर तोंडसुख घेत होते. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली. ऊन उतरलं होतं. नळावर चूळ भरून अक्का माझ्याजवळ आल्या.

"त्या पोरानं बरं इचारलं बग."

"काय बरं विचारलं? त्यानं तुम्हाला ओळखलं पण नाही."

"वळखलं न्हाई म्हणूनच इचारलं. कुठली मदत पायजे, म्हणून." पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "मी त्या डॉक्टरसाठी कुठं कुठं मागत हिंडलो. टेम्पो मागितला, फ्रीज मागितला. त्याला काय पायजे हे इचारलंच न्हाई कधी."

"त्यांनी सांगितलं की. ऑफिसात येऊन सांगितलं."

"सांगितलं. आन मी काय म्हटलं?"

मला राग आला होता. अजून आहे. "एक बाई मेली, अक्का. त्यांच्या झोपेचं काय घेऊन बसलाय?"

"मेली की. म्हणून तर." आणि मग, "लाव त्याला फोन."

मी माझ्या फोनवरून लावला आणि तो त्यांच्या हातात दिला. स्पीकर त्यांनी चुकून चालू केला होता, त्यामुळं मलाही ऐकू येत होतं. पूर्ण रिंग वाजून थांबली. त्या म्हणाल्या, "परत लाव." या वेळी दोनदा वाजला आणि मधेच कट झाला. म्हणजे डॉक्टरांच्या हातात फोन होता, माझं नाव दिसलं होतं. अक्कांना ते कळलं नाही, की कळूनही तशाच राहिल्या, माहीत नाही. बंद फोन कानाला लावून त्या स्टँडच्या गर्दीत उभ्या होत्या. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "कामात असंल."

आम्ही गाडीत बसलो. मी फोन मागितला तर त्यांनी दिला नाही. कोल्हापूर येईपर्यंत तो त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता, एसटीच्या खडखडाटात वाजला तर उजेड तरी दिसावा म्हणून.